तूस, लिंबू आणि पदराचा फोटो

पंचविशीत मी भाताचं तूस तोंडाला घासलं होतं. वर लिंबू पिळून. आणि नंतर तासभर उन्हात बसले होते, पापड वाळत घालावा तशी. इतकी वर्षं हे कुणाला सांगितलं नव्हतं. यंदा सांगावं लागलं, आणि आता सांगितलंच आहे तर लिहायला कसली लाज!

त्या बयेचं डोकं कसं चालायचं बघा. बया म्हणजे मीच, पण तिला 'मी' म्हणायला जीभ वळत नाही. धाकट्याच्या बाळंतपणात तिच्या दोन्ही गालांवर वांगाचे डाग उठले. पंधरा दिवसांवर दिराचं लग्न, आणि मुळशीच्या आमच्या वाडीत पहिल्यांदाच फोटोवाला येणार होता. बया रोज उखळात भात कांडायची. वरचं तूस निघालं की आत पांढरा तांदूळ. तिनं विचार केला, जे भाताला जमतं ते आपल्याला का नाही जमणार?

गोठ्यामागं बसून तिनं स्वतःला कांडून घेतलं. संध्याकाळी गाल फुगले, दुसऱ्या दिवशी फोड. घरच्यांनी विचारलं तर म्हणाली, मधमाश्या चावल्या. आमचे हे बिचारे धुराचा टेंभा घेऊन दोन दिवस रानात पोळं शोधत फिरले. लग्नापर्यंत फोड बसले आणि डाग मात्र दुप्पट काळे झाले. त्या लग्नाच्या फोटोत मी मागच्या रांगेत आहे. म्हणजे पदर आहे. तोंड नाही.

यंदा भातकापणीच्या तोंडावर नातीचा साखरपुडा ठरला. नात हिंजवडीला कंपनीत जाते, स्कूटीवरून. मुरमं येऊन गेल्याचे तपकिरी डाग तिच्या गालांवर, हनुवटीवर. एका सकाळी बघते तर आरशासमोर उभी राहून कसल्याशा ट्यूबमधलं मलम चोळतेय.

"काय गं त्ये?"

"क्रीम आहे. मैत्रिणीनं दिलंय. पंधरा दिवसांत सगळं साफ, आज्जे."

"आन् गाल लाल का झाल्यात?"

"काम करतंय ना ते!"

"उन्हात झोंबतंय का?"

तिनं हळूच मान हलवली. ही तर तीच बया, फक्त पँट घातलेली!

मी ट्रंक ओढली, तळातला फोटो काढला आणि तिच्या हातात दिला. "ह्यात मी कुटं हाय, हुडीक."

"दिसत नाहीस."

"ह्यो पदर हाय न्हवं, त्याच्या आत हाय मी." आणि सगळं सांगितलं, तूस, लिंबू, गोठा, मधमाश्या. पोरगी हसून हसून खाटेवर आडवी झाली. तेवढ्यात उंबऱ्यातून आमच्या ह्यांचा आवाज आला.

"म्हंजी माश्या न्हवत्याच? आन् म्या दोन दिस पोळं हुडकीत हिंडलो?"

"हिंडलात की. मध घावला असता तर एकट्यानंच खाल्ला असता!"

हसणं ओसरलं तशी नात ट्यूबकडं बघत राहिली. "मग मी काय करू, आज्जे? सगळ्यांच्या पुढं असंच तोंड घेऊन फोटोला उभी राहू? त्यापेक्षा फोटोच नको."

"ज्याला कळतं त्याला इचारू," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिच्या स्कूटीवर मागं बसून पिरंगुटला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले.

बाईंनी ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचलं आणि ती बाजूला ठेवली. "हे परत लावायचं नाही. जोरकस औषध आहे. मनानं लावत राहिलं तर कातडी पातळ होते." मग डाग नीट बघितले. मुरूम बरं होताना कातडी जादा रंग तयार करते, तोच मागं राहतो. घासून निघायला ती घाण नाही, म्हणाल्या. ऊन लागलं की गडद होतो. म्हणून सकाळी उन्हाचं क्रीम, दुपारी पुन्हा, झोपताना त्यांनी लिहून दिलेलं औषध, आणि मुरमाला नख लावायचं नाही.

"साखरपुड्यापर्यंत जातील?" नातीनं विचारलं.

"फिके होतील. जायला काही महिने लागतील."

पोरीचं तोंड उतरलं. बाईंनी तेवढ्यात माझ्याकडं वळून विचारलं, "आजी, हे वांगाचे डाग कधीपासूनचे?"

मी तुसाची कथा सांगितली. बाईंनी हसू दाबायला पेन दातांत धरलं. "लिंबाचा रस लावून उन्हात बसलं की कातडी भाजते, आजी. रंग जात नाही, उलट चढतो." अगं बाई! एवढी वर्षं मला वाटायचं, माझं तूसच जाडंभरडं होतं! खरं कारण कळल्याचा मला इतका आनंद झाला की तिथंच टाळी वाजवली. मग बाईंनी मलाही तेच उन्हाचं क्रीम लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी ते थापून कापणीला गेले. बांधावरून एक मैत्रीण ओरडली, "काय गं म्हातारे, पिठात पडलीस व्हय?"

दुसरी म्हणाली, "साखरपुडा नातीचा हाय का तुजा?"

"माजा! नवरा त्योच ठेवलाय, तोंड तेवढं बदलतीया!"

विळे खाली ठेवून बाया हसल्या. घरी मी आणि नात रोज एकमेकींवर पाळत ठेवायचो. ती ऑफिसातून फोन करायची, "दुपारचं लावलंस का?" मी म्हणायचे, "तू नख लावलंस का?"

साखरपुड्याचा दिवस आला. तोंड रंगवायला आलेल्या बाईला नातीनं सांगितलं, जाड थर नको. डाग फिके झाले होते, पण होते. फोटोवाल्यानं हाक दिली. पोरगी सरळ मधोमध जाऊन उभी राहिली, हनुवटी वर करून. मला तर नाचावंसं वाटलं! पण पाय जुन्या सवयीचे, ते आपोआप मागच्या रांगेत गेले आणि हात पदराकडं. नातीनं मान वळवून बघितलं आणि दोन्हीकडच्या सगळ्या पाहुण्यांदेखत ओरडली, "आज्जे, महिनाभर दोन दोन टायमाला क्रीम काय पदर दाखवायला थापलंस? चल, पुढं हो!"