घालमेल, मुक्काम इंदरगंज

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. ऑफिसच्या माळ्यावर मोडक्या खुर्च्या साचतात, तसे ते साचतात. ग्वाल्हेरातल्या आमच्या इंदरगंजच्या ऑफिसात तर एका वर्षात इतके साचले की आम्ही उरलेले तिघं-चौघं आजही भेटलो की तिथंच जाऊन बसतो.

मध्यभारत संपलं, नवा मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळ. आमचं खातंही तिकडं हलणार असं ठरलं. तेव्हापासून आम्हा मराठी मंडळींच्या तोंडी एकच शब्द. "काय म्हणता?" "काही नाही हो, जिवाची घालमेल!" संपलं बोलणं.

*

आमचे हेडक्लार्क सप्रे. चार पिढ्या ग्वाल्हेरात. एकदा मी चहाच्या वेळी विचारलं, "भोपाळला जायला घाबरताय का?"

"घाबरतोय कशाला?" सप्रे म्हणाले. "भीती वाटली की माणूस पळतो. दुःख झालं की बसतो. घालमेलीत धड पळता येत नाही, धड बसता येत नाही!"

एवढं सांगेपर्यंत ते खुर्चीतून तीनदा उठले आणि तीनदा बसले.

*

मग नवे साहेब आले. तिवारीसाहेब, जबलपूरकडचे. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं, "स्टाफ़ का क्या हाल है?"

सप्रे उभे राहिले. "साब, स्टाफ़ में बहुत घालमेल चल रही है."

साहेबांचा चेहरा उतरला. हिंदीत घालमेल म्हणजे हेराफेरी!

"कब से?"

"ऑर्डर आया तब से."

"कौन-कौन शामिल है?"

सप्रे सरळ माणूस. "सभी, साब. मैं भी."

दुपारी स्टोअरला सील लागलं!

संध्याकाळी उलगडा झाला तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी सील काढायला लावलं आणि हळूच म्हणाले, "हमारे यहाँ इसे जी घबराना कहते हैं. जबलपुर छोड़ा, तब मुझे भी हुआ था."

त्या दिवसापासून ते आम्हाला आपले वाटायला लागले.

*

आमच्यातल्याच फाळक्यांना मात्र हे सगळं मंजूर नव्हतं. त्यांचे आजे-पणजे फौजेत. मिशा अजून त्याच थाटाच्या. "आमच्यात घालमेल नसते," ते म्हणायचे. "हुकूम आला की कूच!"

सामान बांधायचं काम साहेबांनी त्यांच्याकडेच दिलं. दिवसभर खोक्यांत फायली भरणं, खिळे ठोकणं, वर 'भोपाल' लिहिणं. संध्याकाळी निघताना बघतात तर चपला नाहीत. चष्मा नाही. जेवणाचा डबाही नाही!

आम्ही ठोकलेल्या खोक्यांकडे पाहिलं. फाळके अनवाणीच सायकलवर बसून थाटीपुरला घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, तर मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "सामान आगे भेज दिया है!"

*

सप्रे हळूहळू वाळायला लागले. जेवण जाईना, झोप येईना. कारण आम्हाला माहीत होतं. त्यांच्या पत्नी मालतीबाई ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या एका मुलींच्या शाळेत शिकवायच्या. त्यांना भोपाळला बदली मिळत नव्हती, आणि दोघांपैकी एकाच्या पगारावर घर चालणारं नव्हतं. त्यामुळे त्या इथंच राहणार, हे नक्की झालं होतं.

शेवटी मीच सप्र्यांना डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, छाती तपासली. "दर्द कहाँ होता है?"

सप्र्यांनी बराच विचार केला. "घर पे, डॉक्टर साब."

डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

*

निघायचा दिवस उजाडला. सकाळची गाडी. अर्धं लश्कर प्लॅटफॉर्मवर लोटलेलं. फाळकेसुद्धा सारखे नाक शिंकरत होते. कोरड्या डोळ्यांनी उभ्या होत्या त्या फक्त मालतीबाई.

"मेतकूट पिवळ्या डब्यात आहे. पाणी उकळून प्या. स्वेटर वरच ठेवलाय."

खिडकीतून सप्रे नुसतं "हो, हो" म्हणत होते.

शिट्टी झाली. गाडी हलली. मालतीबाई खिडकीबरोबर चालू लागल्या. "आणि खोली घ्याल ती आधी गळतेय का ते बघून..."

वाक्य अर्धंच राहिलं. दाराचा दांडा धरला आणि त्या डब्यात चढल्या! हातात छोटी पर्स, पायांत घरातल्या सपाता.

सप्रे ताडकन उठले. "अगं, शाळा?"

फाळक्यांनी आपली ट्रंक बाकाखाली सरकवून जागा करून दिली. त्या खिडकीशी बसल्या. सप्रे त्यांच्या शेजारी बसले. मी समोर होतो. कुठं बघावं ते कळेना.

डबरा स्टेशन गेलं आणि टीसी आला. आमची तिकिटं पाहून झाली. मग तो त्यांच्याकडे वळला.

"बहनजी, आपका टिकट? कहाँ तक जाना है?"

मालतीबाईंनी पदर सारखा केला. खिडकीबाहेरची नजर काही काढली नाही.

"अभी तो गाड़ी चलने दीजिए, भैया."