झाडं संपतात तिथली निळी फुलपाखरं

वसुधाताईचं निधन गेल्या महिन्यात, मंगळवारी सकाळी, बडोद्यातल्या हरणी भागात राहत्या घरी झालं. ती माझी थोरली बहीण. निवृत्तीपर्यंत तिने बडोद्यात प्राणिशास्त्र शिकवलं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती दर मे महिन्यात हिमालयात जाई. तिथल्या एका खोऱ्याच्या दोन बाजूंना, वेगवेगळ्या उंचीवर, दोन जवळच्या जातींची निळी फुलपाखरं होती. दोन्हींच्या वर, चढण संपवून, झाडं विरळ होत थांबतात तिथे तिला तिसरी सापडली. ठिपके एका जातीचे, पंखांच्या कडा दुसरीच्या. मूळ संकरातलं, पण ही फुलपाखरं अंडी वेगळ्याच झुडपावर घालत होती आणि जोड्या आपल्यातच जमवत होती. दोन जातींच्या मिश्रणातून नवी जात उभी राहत होती... तिने लेख लिहून विभागप्रमुखांना दिला. समासात एकच शब्द लिहून तो परत आला : खच्चर, म्हणजे खेचर.

ती त्यांच्या खोलीत गेली. म्हणाली, "खच्चराला पिलं होत नाहीत, सर. यांना होतात." घरी आल्यावर गुजराती हेल काढून मला म्हणाली, "आपण तरी काय रे? ना पुण्याचे, ना इथले. वंश चालतोय ने?"

काही वर्षांनी अशा नव्या जातींची चर्चा सगळीकडे होऊ लागली. तेव्हा प्रमुखांनी विभागात ठेवलेली तिची फुलपाखरांची पेटी उघडली, टाचण्यांखालच्या चिठ्ठ्या बदलून आपलं नाव लावलं आणि लेख छापला. तिच्या चिठ्ठ्यांवर फक्त क्रमांक असत. लेखातही खोऱ्याचंच नाव होतं; नेमकं ठिकाण आणि उंची वहीत, आणि वही घरी. प्रमुख डोंगर कधी चढले नव्हते. मिश्र जात दोघींच्या मधोमधच राहणार, असं त्यांनी खुर्चीत बसून ठरवलं आणि मधली उंची लिहिली.

मी तेव्हा वार्ताहर होतो. बातमी करतो म्हणालो. ताईने नको म्हटलं. "शोधू दे त्यांना. गुडघे दुखू देत."

प्रमुख दोन उन्हाळे तिथे जाऊन आले. मधल्या उंचीवर एकही फुलपाखरू नव्हतं. परिसंवादांत त्यांना प्रश्न विचारले जाऊ लागले, तेव्हा ते रावपुऱ्यातल्या आमच्या जुन्या घरी आले.

"वसुधाबेन, उंची तेवढी सांगा ने."

"कसली उंची, सर? खच्चरं कुठेही चरतात."

त्यानंतर दर एप्रिलमध्ये त्यांचा फोन येई. ताई रिसीव्हर टेबलावर ठेवून भाजी निवडत बसे. पलीकडचा आवाज थांबला की रिसीव्हर जागेवर ठेवी.

तेराव्याला ते हरणीला आले. फोटोला हार घातला, चहा घेतला आणि वही संस्थेच्या उपयोगी पडेल, असं म्हणाले. मी नाही म्हटलं. ते गेल्यावर ताईने वहीला गुंडाळून ठेवलेला कागद सोडला. आत तिच्या अक्षरात माझ्यासाठी दोन ओळी होत्या :

"सर वही मागायला येतील.
येऊन गेले की नक्कल संपादकांना पाठव."

दुसऱ्या दिवशी वहीची पूर्ण नक्कल, तारखा आणि खऱ्या उंचीसह, त्यांचा लेख छापणाऱ्या नियतकालिकाच्या संपादकांना रजिस्टर पोस्टाने गेली. पोचपावती पुढच्या सोमवारी आली.