गाळणीवरची पांढरी पूड

"पुन्हा वापरता येतं." हे म्हणताना आमचे सर अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत काहीतरी धरल्यासारखा हात वर करायचे. चिमटीत बहुतेक वेळा काही नसायचं. रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात ते रसायनशास्त्राचे विभागप्रमुख आणि मी त्यांच्या हाताखालची प्राध्यापिका, त्यामुळे ती रिकामी चिमूट मी वर्षानुवर्षं पाहिली. असे विद्वान तुमच्याही ओळखीचे असतील.

दोन हजार सालानंतर त्यांना आयनिक लिक्विडचं वेड लागलं. म्हणजे साध्या तापमानालाही पातळ राहणारं मीठ. ते सिलिकाच्या, म्हणजे वाळूच्याच जातीच्या, पुडीत मुरवलं की पूड दिसते कोरडीच, पण तिच्या कणांवर ते मीठ कॅटॅलिस्ट, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारा पदार्थ, होऊन बसलेलं असतं. क्रिया झाली की पूड गाळायची, धुवायची, पुन्हा घालायची. कल्पना चांगलीच होती. सरांची नव्हती, एवढंच. पण ते बोलायला लागले की वाटायचं, सिलिकासुद्धा यांनीच भाट्याच्या किनाऱ्यावरून वेचून आणली.

काम सगळं नसीमा करायची. हर्णेची मुलगी, वडील कुवेतला. घरातली लग्नाची बोलणी तिने पीएच.डी.पर्यंत कशीबशी थोपवून धरली होती, आणि पीएच.डी. या पुडीवर टांगलेली. तिला एक शंका होती: मीठ पुडीवर टिकतच नसेल, द्रवात विरघळून जात असेल तर? पडताळायची रीत सोपी आहे. क्रिया अर्धी झाली की पूड गाळून काढायची. खालच्या द्रवात क्रिया थांबली तर पूड खरी. चालूच राहिली तर कॅटॅलिस्ट द्रवात उतरलाय. सर तिला ते करू देत नसत. "तू इथे रिसर्च करायला आलीस की शंका काढायला?" असं विचारायचे आणि या प्रश्नावर स्वतःच खूश व्हायचे.

मग एकदा बाहेरून पाहुणे आले. सरांनी कोट चढवला. एरवी पंख्याखालची खुर्ची न सोडणाऱ्या सरांनी त्या दिवशी फ्लास्कला स्वतः हात लावला. पूड दाखवायची इतकी घाई, की क्रिया अर्ध्यावर असतानाच त्यांनी ती गाळली आणि डिशमध्ये घालून सगळ्यांपुढे फिरवली. खालचा द्रव तसाच परत तापायला ठेवला. सगळे बाहेर जाऊन कोकम सरबत पिऊन आले. नसीमाने द्रवाची तपासणी केली, तर मूळ पदार्थ नावालाही शिल्लक नव्हता. क्रिया पूर्ण.

सरांचा चेहरा उजळला. "पाहा," ते म्हणाले, "आमची पूड काढून घेतली तरी क्रिया थांबत नाही."

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. जी चाचणी सर इतके दिवस होऊ देत नव्हते ती त्यांनीच भर सभेत केली होती, आणि नापास होऊन टाळ्यांची वाट पाहत उभे होते. नसीमाने हळू आवाजात विचारलं, "सर, मग या डिशमध्ये राहिलंय ते काय?"

सरांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा पाहुण्यांना म्हणाले, की मुलीने पूड नीट केलेली नसणार. इतकी वर्षं 'माझी पूड' म्हणणारा माणूस ती क्षणात तिच्या गळ्यात बांधून मोकळा झाला. मला त्यांचा एवढा तिटकारा कधी आला नव्हता. पुडीची कृती सरांचीच आहे, हे मी तिथल्या तिथे सांगितलं. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. मला बरंच वाटलं.

नसीमाने पहिल्यापासून काम केलं. मीठ नुसतं मुरवलं नाही, रासायनिक बंधाने सिलिकाला पक्कं बांधलं. ते सुटलं नाही. वडिलांचे कुवेतहून फोन येत राहिले, तीही हटली नाही. तिच्या तोंडी परीक्षेला सर पहिल्या रांगेत बसले आणि शेवटी उठून, चिमूट वर करून, तेच वाक्य म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं. ते खरं होतं, हे सांगायला हवं. खोटं रडण्याइतकी हुशारी त्यांच्यात नव्हती.

पुढे सर निवृत्त झाले आणि मुलाकडे पुण्याला गेले. कपाटात त्यांच्या जुन्या पुडीची एक बरणी राहिली. नसीमा तोवर आमच्याकडेच शिकवायला लागली होती. मी तिला म्हटलं, टाकून दे सगळं. तिने पूड टाकली, बरणी नळाखाली घासून घेतली आणि खिडकीतल्या उन्हात पालथी घातली.

"बरणी चांगली आहे, मॅडम," ती म्हणाली. "ही पुन्हा वापरता येईल."