भिंगाखालचा दुसरा आकडा

रविवारी नाण्यांच्या प्रदर्शनात माझ्या टेबलापाशी एक निवृत्त गृहस्थ आले. त्यांची पत्नी गुडघे धरून मागच्या खुर्चीवर टेकली. त्यांनी कापसात गुंडाळलेलं दोन रुपयांचं नाणं काढलं. त्यावरचं साल दुहेरी उमटलं होतं. अशा नाण्याला लाखाचा भाव येतो, असं त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं.

मी लगेच उत्तर देत नाही. भिंग त्यांच्याच हातात देतो. माणसाने आपली आशा स्वतःच्या डोळ्यांनी मरताना पाहावी, हे मला आवडतं.

"आकड्याची कड बघा," मी म्हणालो. "ठसाच दुहेरी कोरला गेला असता, तर दुसरा आकडाही असाच गोलसर, उठावदार दिसला असता. तुमचा चपटा आहे, पायरीसारखा. नाणं पाडताना ठसा जरा हलला, एवढंच."

मुळातल्या दोषावर लोक बोली लावतात. नुसता धक्का बसलेल्याला कोणी विचारत नाही. माणसांचंही तेच करतो आपण. जन्मजात विक्षिप्ताचे किस्से कौतुकाने सांगतो आणि आयुष्यात हादरा बसून हललेला माणूस दिसला की रस्ता बदलतो.

"काय म्हणाले हो?" खुर्चीवरून पत्नीने विचारलं.

"खरं आहे म्हणाले," ते हसून बोलले आणि माझ्याकडे बघत राहिले. काय मागत होते ते मला नीट कळलं.

मी भिंग पुसलं आणि तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "तसं नाही म्हणालो, वहिनी. दोन रुपयांचंच आहे."