टेम्पो, दर्या आणि मीठ

त्या दिवशी सकाळपासून दर्यावरून ओला वारा सुटला होता. ऊन होतं, पण अंगातला सदरा वाळत नव्हता आणि ओठ चाटले की खारट लागत होते. अशा हवेत मी टेम्पो पासिंगला नेला. आरटीओच्या साहेबांनी खाली वाकून चेसीला स्क्रू-ड्रायव्हर टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला!

"बाबा, यात लोखंड कुठे उरलंय?"

पत्रे मारून, वेल्डिंग करून कसाबसा पास झाला. "पुढच्या वर्षी असा आणलात, तर गाडी घरीच ठेवायची," साहेब म्हणाले. पालीच्या किनाऱ्याला होड्या लागल्या की रेतीवर टेम्पो नेऊन मासळी उचलायची, हाच माझा धंदा. टेम्पो घरी म्हणजे मीही घरी. मग वर्षभर गंजाशी झटापट केली. तिचे किस्से गंजासारखेच साठलेत. एक खरवडला की खाली दुसरा आहेच.

*

नवघरचा मेकॅनिक गाडीखालून बाहेर आला. "काका, एकच उपाय. गाडी समुद्रापासून लांब ठेवा."

"आणि मासळी? ती काय तिकडे शहरात, जेसल पार्कात उतरवू?"

त्यानं डोकं खाजवलं. "मग खालून जुनं इंजिन ऑइल मारा."

मारलं. चांगले दोन हात मारले. दुसऱ्या दिवशी रेतीवर फेरी मारून आलो आणि वाकून बघितलं. ऑइलला सगळी रेती चिकटलेली, तीही ओली! बायको मार्था डोकावली.

"रव्यात मस्त घोळवलाय. आता तळायचा कधी?"

*

माझा धाकटा भाऊ बस्त्याव होडीवर जातो. तो म्हणाला, "दादा, होडीला आपण मुशीचं तेल लावतो, लाकूड कुजत न्हाय. मग गाडीला का न्हाय?"

मला पटलं. मुशी मासळीचं तेल डबाभर आणलं आणि चेसीला चोळलं. नेमकी त्या आठवड्यात होड्यांना मासळी नव्हती, म्हणून एका बँकेतल्या साहेबांचं सामान जेसल पार्कच्या नव्या फ्लॅटवर न्यायचं भाडं घेतलं. सोफा उतरवेपर्यंत बिल्डिंगच्या तीन मांजरी टेम्पोखाली जाऊन बसल्या. हाकलल्या तरी हटेनात. साहेबांच्या मॅडमनी नाकाला पदर लावला.

"काका, यात काय मेलं होतं?"

"काही नाही बाई, गंजू नये म्हणून लावलंय."

"त्यापेक्षा गंज बरा!"

*

होड्यांना आशीर्वाद द्यायला फादर किनाऱ्यावर आले. मीही टेम्पो रांगेत लावला. पवित्र पाणी शिंपडत ते जवळ आले, तसा मी पुढे झालो.

"फादर, या पाण्यात मीठ असतं ना?"

"चिमूटभर. रीतच आहे. का रे?"

"मग टपावरच शिंपडा. खाली नको."

फादरनी सगळं पाणी माझ्याच डोक्यावर शिंपडलं!

*

पासिंगला चार महिने उरले तेव्हा एक म्हातारा बस ड्रायव्हर भेटला. तो म्हणाला, "तेल-बिल सोडा. रोज धुवा. मीठ राहिलंच नाही, तर गंजेल कशाला?"

एवढी सोपी गोष्ट कुणी सांगितली नव्हती! पण नळाला पाणी एक दिवसाआड. मार्था तांब्याभर देईना. "आम्ही पारोसे आणि टेम्पोला आंघोळ व्हय?"

शेजारच्या आग्नेसबायच्या परसात विहीर होती. पाणी काचेसारखं. "घे की दादा, हवं तेवढं," ती म्हणाली. रोज वीस बादल्या ओढल्या. पाठ धरली, पण एक दिवस चुकवला नाही. ताप होता तेव्हासुद्धा धुतला.

पासिंगच्या आदल्या दिवशी गेल्या वर्षी मारलेल्या पत्र्यावर सहज अंगठा दाबला. अंगठा आरपार! मी तिथेच बादली पालथी घालून बसलो. आग्नेसबाय कुंपणाशी आली.

"काय झालं, दादा?"

"बाय, मीठ निघावं म्हणून चार महिने तुझ्या विहिरीच्या पाण्यानं धुतोय. हात गळून गेले. तरी गंज आहेच!"

तिनं कपाळाला हात लावला.

"मीठ काढायला? मला वाटलं, रेती काढतोस! अरे, त्या पाण्यात भात शिजवला तर वरून मीठ टाकायला लागत न्हाय!"