आदेश कुणाचा?

आमच्या मांजर्लीत जिवंत माणसाला कोणी विचारत नाही, मेला की मात्र फ्लेक्सवर चढवतात. सुदाम फौजीचंही तेच झालं. सुट्टीवर घरी आला होता. उल्हास नदी बिल्डिंगीत शिरली तेव्हा एक पोलीस दारात येऊन म्हणाला, "फौजी, चला, माणसं कमी पडतायत." गयाबाई, त्याची बायको, तिथंच उभी होती. सुदाम गेला, तिघांना काढलं आणि चौथ्याच्या वेळी स्वतःच वाहून गेला.

शेजारच्या कैलासने चौकात फ्लेक्स लावला : 'कुणाच्याही आदेशाची वाट न पाहता स्वतःहून झेपावलेला वीर'. वाचून मीसुद्धा ढसाढसा रडले.

गयाबाईला साधी पेन्शन लागली. ड्युटीवर असताना मेलेल्याची खास पेन्शन वेगळी. तिला पैशापेक्षा तो शब्द हवा होता, माझा नवरा ड्युटीवर गेला. लष्कराच्या खालच्या कमिटीने खास पेन्शनची शिफारस केली. दिल्लीतल्या वरच्या साहेबाने फेटाळली. का, तर सुट्टीवर होता, कुणाचा आदेश नव्हता, स्वतःच्या मर्जीने गेला. पुरावा काय? कैलासने मोठ्या हौसेने अर्जाला जोडलेला फ्लेक्सचा फोटो! आणि तो पोलीस? बदली होऊन गेलेला. म्हणे, आठवत नाही.

"वहिनी, आम्ही कौतुकच केलं हो!" कैलास रडायला लागला.

"केलंस रे बाबा. पण ते बोलावलं म्हणून गेले. तेवढं खरं लिहायचं होतंस."

मला तर असा संताप आला त्या साहेबाचा! पाणी छातीला लागल्यावर आदेश मागायचा कुणाकडे, मेल्या?

गेल्या पावसाळ्यात नदी पुन्हा आत आली. समोरच्या बिल्डिंगीत तळमजल्यावर म्हातारी जनाबाई अडकली. सुदामने पोरीला, भावनाला, पट्टीचं पोहायला शिकवलेलं. सगळे तिलाच हाका मारायला लागले. गयाबाई दारात आडवी आली.

"आधी सांगा, हिला कोण पाठवतंय? नाव सांगा!"

स्वतःचं नाव द्यायला कोणी पुढे येईना. कैलासने मान खाली घातली. समोरून जनाबाईचं ओरडणं ऐकू येत होतं.

गयाबाईने पोरीच्या कमरेला स्वतः दोर बांधला.

"जा. आदेश माझा आहे. कोणी विचारलं तर आईचं नाव सांग."

भावना पाण्यात उतरली. आम्ही दोर धरायला पुढे झालो, पण गयाबाईने तो कुणाच्या हातात दिला नाही.