डोंगरावर चढवलेली होडी

धोंडीराम भोयानं नेकनूरच्या मुलखात तीस वर्षं मेणे वाहिले. दांडीला पुढं तो आणि मागं त्याचा धाकटा भाऊ त्रिंबक. पुढच्यानं वाटेतली अडचण ओरडून सांगायची, मागच्यानं "देखली!" म्हणायचं, ही भोयांची रीत.

मानमोडीच्या तापाच्या साथीत, दसरा होऊन गेल्यावर, दहा दिवसांत आधी त्याची बायको सत्यभामा गेली, मग त्रिंबक. धोंडीराम रडला नाही. दोघांना पोचवून आला, चूल पेटवली आणि भाकर करून खाल्ली. शेजारणी म्हणाल्या, माणूस दगड झाला. त्यानं ते ऐकलं, आणि ऐकून सोडून दिलं.

माघात बीडहून चपराशी आला. तामीरात, म्हणजे बांधकाम खात्याचे इंजिनिअर कादर हुसेन यांना डोंगरातलं धुमाळीचं तळं पाहायचं होतं. तळ्याच्या पल्याड सरळसोट कडा. तिकडं पायवाट नव्हती. म्हणून साहेबांनी दोन माणसं बसतील अशी निमुळती लाकडी होडी हैदराबादेहून मागवली होती. वर जायची वाट फक्त धोंडीरामला ठाऊक.

"येतो," तो म्हणाला. घरी बसणं आणि डोंगर चढणं त्याला सारखंच होतं.

पायथ्यापर्यंत बैलगाडी गेली. पुढं होडी पालथी करून दोन वाशांना बांधली आणि चौघांनी उचलली. बाकीचे तिघं शेतकरी, कधी मेणा न वाहिलेले. पाऊल जुळेना. पहिल्या चढालाच धोंडीराम सवयीनं ओरडला, "डावीकडं दगड!"

मागून काहीच आलं नाही. मागच्या पंडितचा पाय त्याच दगडावर घसरला आणि होडीचं सगळं वजन पुढं आलं.

"कावून वरडला बे? सरळ सांग की!" पंडित म्हणाला.

"सरळच सांगितलं."

खिंडीत होडी आडवी मावेना. साहेब कपाळाला हात लावून खाली बसले. धोंडीरामनं वासे सोडायला लावले, होडी कुशीवर उभी केली, खाली पळसाच्या डहाळ्या अंथरल्या आणि वीतभर-वीतभर सरकवत पार केली. त्यात अर्धा दिवस गेला. पल्याड पंडितनं त्याच्याकडं पाहिलं नि दचकला.

"धोंडीबा, खांदा फुटलाय तुमचा! सदरा लाल झालाय."

धोंडीरामनं हात लावून पाहिला. बोटं ओली झाली. "हाय खरं," म्हणाला आणि वासा दुसऱ्या खांद्यावर घेतला.

उन्हं कलताना तळं दिसलं. तीन डोंगरांच्या बेचक्यात हिरवंगार पाणी, काठावर माणसाचं पाऊल नाही. साहेब लहान पोरासारखे हसले. होडी पाण्यात सोडली, पण सोबत बसायला तिघांतला कुणी तयार होईना. त्या पाण्यात साती आसरा राहतात म्हणे, माणसाला आत ओढणाऱ्या. धोंडीराम जाऊन बसला.

साहेब वल्ही मारू लागले. उभ्या जन्मात धोंडीरामनं माणसं वाहिली होती. आज पहिल्यांदा त्याला कुणी वाहून नेत होतं.

"कैसा लगता, धोंडीराम?"

"बसलोय, साहेब."

"डर नक्को. घर में कौन कौन है?"

"कुनी न्हाई."

साहेबांची वल्ही क्षणभर थांबली. मग त्यांनी ती पुन्हा मारली आणि होडी कड्याला नेली. तिथं त्यांनी दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजली. दोरी धोंडीरामनं धरली होती. ती खाली जात राहिली आणि तो तिच्याकडं बघत राहिला.

तिसऱ्या दिवशी निघताना साहेब म्हणाले, "बरसात के बाद फिर आता. होडी तू सांभाल." धोंडीरामनं काठावर खोप घातली आणि राहिला. साहेबांची बदली झाली. ते परत आले नाहीत.

कड्याखाली गवत चांगलं होतं. धनगरांना ते कळलं, तसा धोंडीराम त्यांच्या बायांना एकेक करून विळ्यासकट पल्याड सोडू लागला आणि भारे घेऊन परत आणू लागला. अशी सहा वर्षं गेली. केस पिकले. गावाकडं तो फक्त मिठासाठी जाई.

एकदा भाऱ्यावर बसलेल्या भिवराबाईनं विचारलं, "दादा, वैनी कशी व्हती दिसायला?"

त्यानं बराच विचार केला. तिचं लुगडं आठवलं, हातातलं कडं आठवलं. चेहरा येईना.

"उंच व्हती," तो म्हणाला, आणि वल्हं मारत राहिला.